रविवारची सहल: आधी चापडगावचे पक्षी, मग येवल्याचे माग

*बी-३०४:* रविवारी नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य आणि येवला एका दिवसात होईल का? सोबत आई आणि दोन मुलं आहेत.

*ए-१०२:* होतं की. फक्त क्रम बदलू नका, आधी पक्षी. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघा. संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, निफाड, तिथून आत चापडगाव, पक्षी तिथेच. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत सगळी बदकं सारखीच दिसतात.

*सी-५०१:* गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून ही पाणथळ तयार झाली. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेली राज्यातली पहिली! पाणी किती आहे ते आधी विचारा. कालव्याला आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं की पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो, मग शेकाट्या, चमचे हे लांब पायांचे पक्षी काठाजवळ चरतात. पाणी भरलेलं असेल तर थापट्या, तलवार बदकं पार मधोमध बसतात.

*बी-३०४:* आईला येवल्यात पैठणी घ्यायची आहे. खरी कशी ओळखायची?

*डी-२०१:* पदर उलटून बघा. हातमागावर पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) असते. विणकर ताण्याचे (उभे) धागे मोजून ती तेवढ्यातच फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे आणतो. म्हणून मोर, मुनिया (पोपट) मागूनही तितकेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या पदरामागे धागे सुटे लोंबतात नाहीतर कापलेले असतात, बांगडीत अडकतात. काठावरून मात्र ठरवू नका, हातमागावरही काठ जकार्डने (नक्षीसाठी मागावर बसवलेल्या यंत्राने) काढतात.

रंग दाराबाहेर उन्हात पाहा. धूपछाँवमध्ये ताणा एका रंगाचा, बाणा (आडवा धागा) दुसऱ्या. दुकानाच्या दिव्याखाली तो खेळ कळतच नाही. शंका असेल तर दशीतला (साडीच्या टोकाच्या सुट्या धाग्यांतला) एक धागा मागून घेऊन जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टरचा कडक गोळा होतो.

*ए-१०२:* विणकरांच्या घरी माग बघायला गेलात तर मुलांना ताण्याला हात लावू देऊ नका. तार तुटली की ती सांधेपर्यंत माग थांबतो, त्यांची रोजी बुडते.

*डी-२०१:* आणि घरी आणल्यावर सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरी घडीवर चिरते.

*बी-३०४:* दुर्बीण कुणाकडे आहे?

*ए-१०२:* ८×४२ आहे, शनिवारी संध्याकाळी घेऊन जा. मुलांना पांढरे, लाल टी-शर्ट नकोत. खाकी, मळकट हिरवे चालतील.