मदत हवी आहे: समुद्रातील तेलविहिरींवरील तिकिटांची एका फ्रेममध्ये मांडणी

नमस्कार मंडळी,

टपाल तिकिटांच्या आगामी प्रदर्शनासाठी मी समुद्रातील तेल-उत्खनन या विषयावर १६ पानांची एक फ्रेम (पाने मांडण्याची प्रदर्शनातील चौकट) तयार करत आहे. तिकिटे आणि प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेले लिफाफे) बऱ्यापैकी जमली आहेत. अडचण आहे ती प्रकरणे कशी पाडावीत याची, आणि त्याबाबत विषयवार संग्रह करणाऱ्या जाणकारांचे मत हवे आहे.

मूळ आराखड्यात दोन प्रकरणे होती, आधी शोध व खोदकाम आणि नंतर उत्पादन. कागदावर ही विभागणी स्वच्छ वाटते, परंतु तिकिटे समोर ठेवली की ती टिकत नाही. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९८२ साली निघालेल्या आपल्या एक रुपयाच्या तिकिटावर ‘सागर सम्राट’ आहे. जपानमध्ये बांधलेल्या याच जॅक-अप रिगने (पाय समुद्रतळावर टेकवून उभ्या राहणाऱ्या खोदकाम-मंचाने) फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात, मुंबई हाय येथे, तेल शोधले, म्हणून तिची जागा पहिल्या प्रकरणात असे कोणीही म्हणेल. पण पुढे हीच रिग उत्पादनासाठी रूपांतरित होऊन २०२२ मध्ये नव्या कामावर रुजू झाली. नॉर्वेच्या १९७९ च्या अभियांत्रिकी मालिकेतील ‘स्टाटफ्योर्ड ए’ची अडचण याहून मोठी आहे, कारण त्या एकाच प्लॅटफॉर्मवर खोदकाम, उत्पादन आणि कामगारांची वस्ती हे सगळे एकत्र चालते. ब्रिटनच्या जानेवारी १९७८ मधील ऊर्जा मालिकेत ९ पेन्सच्या तिकिटावर उत्तर समुद्रातील उत्पादन प्लॅटफॉर्म आहे. त्याला खोदकामाच्या प्रकरणात बसवणे मला तरी ओढूनताणून वाटते.

त्यामुळे आता कामाच्या टप्प्याऐवजी बांधणीनुसार प्रकरणे करावीत असे मनात आहे. जॅक-अप रिगचे जाळीदार पाय जागेवर उभे राहिल्यावर डेकच्या बरेच वर आलेले दिसतात, स्थिर प्लॅटफॉर्मचे पाय डेकखालीच संपतात, आणि अर्धबुडी रिग जाड खांबांवर व पाण्याखालच्या पोकळ तराफ्यांवर तरंगते. हे भेद बहुतेक तिकिटांवर नुसत्या डोळ्यांनी, फार तर भिंगाने, ओळखता येतात. शिवाय खोलीचा संबंधही दाखवता येतो: मुंबई हायला पाणी जेमतेम ७५ मीटर, तेथे जॅक-अप आरामात उभी राहते, स्टाटफ्योर्डला साधारण १४५ मीटर, त्यामुळे स्वतःच्या वजनावर तळाशी टेकणारा काँक्रीटचा प्रचंड पाया उभारला गेला. केवळ देशांच्या वर्णक्रमाने पाने लावण्यापेक्षा हे कितीतरी अर्थपूर्ण आहे, असे मला वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. परीक्षकांच्या दृष्टीने बांधणीनुसार केलेला आराखडा अति तांत्रिक ठरतो का, आणि ठरत असेल तर शीर्षक व पहिल्या पानावरील आराखड्यात कोणता बदल करावा? ‘सागर सम्राट’चे नंतरचे रूपांतर त्याच तिकिटाखाली दोन ओळींत सांगावे, की तो तपशील विषयाबाहेर जातो? माझ्याकडे रिगची काही सुंदर चित्रपोस्टकार्डे आहेत. ती टपाल साहित्य नसल्याने स्पर्धेच्या थीमॅटिक (विषयवार) वर्गात चालत नाहीत, परंतु केवळ त्यांच्यासाठी, टपालाबाहेरचे साहित्यही चालणाऱ्या मुक्त वर्गात जावे का? माझा कल नाही असाच आहे, पण ज्यांनी दोन्ही वर्गांत भाग घेतला आहे त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल.

शेवटची विनंती अदलाबदलीची. कॅस्पियन समुद्रातील नेफ्त दाशलारी या १९४९ पासूनच्या तेलवस्तीचे छापील चित्र असलेला सोव्हिएत लिफाफा कोणाकडे जादा असल्यास कृपया येथेच कळवावे. वापरलेला, बाकूचा शिक्का असलेला मिळाल्यास अधिक आनंद होईल. त्या बदल्यात १९८२ च्या भारतीय तिकिटाचे प्रथम दिवस आवरण देण्याची माझी तयारी आहे.