पालघर: गाडी दोन्हीकडून भरते

'पालघर जिल्हा म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कामासाठी वसई-विरारकडूनही रोज सकाळी माणसं बोईसरला उतरतात. स्टेशनबाहेर रिक्षा आणि कंपनीच्या बसपाशी उडणारी झुंबड बघा एकदा. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली खरी, पण विरारपुढे वर्षानुवर्षं दोनच मार्ग, त्यावरच मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. एक लोकल चुकली की खाडा, नाहीतर अर्धा दिवस.

आणि जिल्ह्यातल्याच जव्हार-मोखाडा तालुक्यांचं काय? तिथली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. या ये-जा करणाऱ्यांची मोजणी म्हणाल, तर २०११च्या जनगणनेत घरापासून कामाच्या जागेचं अंतर विचारलं होतं. पण शेतकरी-शेतमजूर त्या अंतराच्या तक्त्यात नाहीतच.