गृहस्थांचा धम्म

‘धम्म म्हणजे ध्यान आणि संन्यास, लोकल पकडून कामाला जाणाऱ्या मुंबईकराला त्याचा काय उपयोग?’ असं बुद्धाच्या धम्माबद्दल एकाने लिहिलंय. पटलं नाही. दीघ निकाय या पाली ग्रंथातलं सिगालोवाद सुत्त (बुद्धांचा एक उपदेश) वाचून बघा. राजगृहाजवळ एक तरुण ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत असतो. बुद्ध त्याला सांगतात, पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरुजन, पश्चिम बायको-मुलं, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण (संन्यासी)-ब्राह्मण आणि खालची म्हणजे नोकर-कामगार. त्यांच्याशी नीट वागणं हीच दिशांची पूजा.

खालच्या दिशेचा तपशील तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावा असा आहे. कुवतीप्रमाणे काम द्या, जेवण आणि मजुरी द्या, आजारपणात काळजी घ्या, घरात काही खास केलं तर त्यातला वाटा द्या, वेळच्या वेळी सुटी द्या. सकाळी तासभर ध्यानाला बसून, तापाने आडव्या झालेल्या कामवाल्या मावशींचा खाडा कापणारे लोक आपल्यातच आहेत. (नावं नको.)

पंचशील (आचरणाचे पाच नियम) बहुतेकांना पाठ असतं, सम्यक आजीविकेबद्दल, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरण्याबद्दल, मात्र कमी बोललं जातं. शस्त्रं, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने (गृहस्थ अनुयायाने) करू नये, असं अंगुत्तर निकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात आहे. व्यापारालाच विरोध नव्हता. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं आहेतच की. बारमधल्या वेटरचं काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्याच्यापेक्षा मालकाला आधी विचारावं.