चर्चा: हॉलिवूड आवडतं, मग त्याला आवर घालायचा कशाला?

मावळतीकर (ल्यों, फ्रान्स)

अमेरिकन करमणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. सगळं जग तिच्यावर लट्टू आहे हा एक, आणि तिने सगळ्यांची संस्कृती बुडवली हा दुसरा. फ्रान्समध्ये राहून मला दोन्ही चुकीचे वाटतात. इथली माणसं हॉलिवूडचे सिनेमे आवडीने बघतात आणि त्याच सिनेमांच्या तिकिटांतून स्वतःच्या सिनेमासाठी पैसा काढून घेतात. ज्या देशाला आपली भाषा पडद्यावर टिकवायची आहे त्याने नेमकं हेच करावं, असं माझं ठाम मत आहे. विरोधी मतं ऐकायची आहेत म्हणून धागा काढतोय.

थोडा इतिहास सांगतो. महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्स कर्जबाजारी होता. मे १९४६ मध्ये फ्रान्सचे नेते लेओं ब्लूम आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांच्यात करार झाला. जुनं कर्ज माफ झालं, नवं मिळालं आणि त्याबरोबर चित्रपटगृहांचे दरवाजे उघडावे लागले. दर तेरा आठवड्यांतले फक्त चार आठवडे फ्रेंच सिनेमासाठी राखीव राहिले. जर्मन ताब्याच्या काळात अडकून पडलेले अमेरिकन सिनेमे एकदम येऊन आदळले. जानेवारी १९४८ मध्ये नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी करार बदलून राखीव आठवडे चाराचे पाच झाले. पण माझ्या मते त्या वर्षातली खरी मोठी गोष्ट वेगळीच होती: तिकिटावर कर बसवून तो पैसा फ्रेंच सिनेमाला देणारा कायदा.

तो कर आजही आहे, १०.७२ टक्के. सिनेमा कुठल्याही देशाचा असो, तिकिटामागे तेवढा भाग सीएनसी या सरकारी संस्थेकडे जातो. यशस्वी फ्रेंच निर्मात्याच्या नावावर त्याच्या धंद्याच्या प्रमाणात रक्कम जमा होते, मात्र ती पुढच्या सिनेमातच घालावी लागते. नवख्या दिग्दर्शकाला नुसत्या पटकथेवर आगाऊ रक्कम मिळू शकते. ही सोय १९५९ पासूनची आहे. म्हणजे अमेरिकन सुपरहिरो जितका जास्त चालेल, तितका फ्रेंच सिनेमाचा गल्ला भरतो. कोणाला बंदी नाही, कोणाचा द्वेष नाही.

परिणाम? आमच्या इथल्या थिएटरच्या फलकावर प्रत्येक खेळापुढे दोन अक्षरं असतात: व्हीओ असेल तर मूळ भाषेत, व्हीएफ असेल तर फ्रेंच डबिंग. एकाच संध्याकाळी एका पडद्यावर अमेरिकन अ‍ॅक्शनपट, शेजारी इराणी सिनेमा आणि त्याच्या शेजारी कुठल्या तरी खेड्यातल्या शिक्षिकेची फ्रेंच गोष्ट, आणि तिन्हीकडे माणसं. फ्रेंच सिनेमांचा प्रेक्षकवाटा गेली काही वर्षं ३५ ते ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपात दुसरीकडे हे सहज दिसत नाही.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

मावळतीकर, माहिती चांगली आहे, निष्कर्षाला माझा पूर्ण विरोध आहे.

१९४६ साली 'येऊन आदळलेल्या' सिनेमांचं पुढे काय झालं तेही सांगा ना. ते पाहूनच नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने त्याच वर्षी 'फिल्म न्वार' (गुन्हेगारीच्या काळोख्या गोष्टींचे सिनेमे) हा शब्दप्रयोग केला, जो आज जगभर चालतो. पुढे मोठे दिग्दर्शक झालेले त्रुफो, गोदार ही तेव्हाची पोरं अंधाऱ्या थिएटरांत बसून हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्सचे सिनेमे पुन्हा पुन्हा बघत होती. हॉलिवूडमध्ये ज्यांना कसबी करमणूकवाले समजत, त्यांना कलावंत म्हणून मान या फ्रेंच पोरांनी मिळवून दिला आणि त्याच प्रेमातून फ्रान्सच्या सिनेमातली 'नवी लाट' ही चळवळ उभी राहिली. पॅरिसच्या मोर्चाने जर तो लोंढा अडवला असता, तर ज्या फ्रेंच सिनेमाचा तुम्हाला अभिमान आहे त्यातला अर्धा जन्मालाच आला नसता.

दुसरं उदाहरण. एप्रिल १९९२ मध्ये पॅरिसजवळ डिस्नेचं उद्यान उघडलं तेव्हा रंगकर्मी आरियान म्नुश्किन यांनी त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटलं. सामान्य फ्रेंच माणसाने काय केलं? आत जेवणाबरोबर वाइन मिळत नाही म्हणून तक्रार केली. पुढच्याच वर्षी डिस्नेला वाइन ठेवावी लागली, आणि लोक आजही पोरांना घेऊन तिथे जातात. बाहेरून आलेल्या गोष्टीला आपल्या सवयींप्रमाणे वाकवायला लोक समर्थ असतात. त्यांच्या वतीने ठरवायला सरकार आणि बुद्धिवंत कशाला हवेत?

सेऊलवासी

मी दक्षिण कोरियात नोकरीला आहे. इथे दोन्ही बाजूंना धरून बसता येत नाही असं काहीतरी घडलं आहे.

१९८८ मध्ये हॉलिवूडच्या कंपन्यांना कोरियन वितरकांना वगळून थेट सिनेमे लावायची मुभा मिळाली. संताप इतका होता की निषेध म्हणून थिएटरांत साप सोडण्यापर्यंत मजल गेली. १९९३ साली कोरियन सिनेमांचा वाटा १६ टक्क्यांवर घसरला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाने एक हिशेब मांडला, तो इथल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे: डायनासोरांच्या एका अमेरिकन सिनेमाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या विक्रीएवढी. तेव्हापासून सिनेमाकडे उद्योग म्हणून बघितलं जाऊ लागलं.

थिएटरने वर्षातले १४६ दिवस कोरियन सिनेमा दाखवायचा असा नियम होता, पण थिएटरवाले खोटे आकडे लिहीत. म्हणून सिनेमावाल्यांनी स्वतःच पाळतपथक काढलं. माणसं थिएटरांच्या दारात जाऊन कुठला खेळ खरोखर लागलाय ते मोजायची. नियम कागदावरून जमिनीवर आला तो त्यांच्यामुळे. १९९९ मध्ये हा दिवसांचा कोटा वाचवण्यासाठी दिग्दर्शकांनी भर रस्त्यात मुंडण केलं. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू व्हायची तर कोटा कमी करा अशी अट आली आणि १४६ चे ७३ दिवस झाले. चोई मिन-सिक या बड्या नटाने सरकारने दिलेलं सन्मानपदक परत केलं.

हडसनकाठ म्हणतील, बघा, कोटा निम्मा झाला तरी 'पॅरासाइट'ला २०२० मध्ये ऑस्कर मिळालंच. खरं आहे. पण कोटा निम्मा केला तेव्हा २००७ पासून तिकिटावर ३ टक्के आकारून सिनेमा विकास निधीही उभा केला. म्हणजे कोरिया फ्रान्सच्याच वाटेने गेला. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी ऑस्करला 'स्थानिक पुरस्कार' म्हटलं होतं. ती सहजता येण्याआधी लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत होते, हे विसरू नये.

मेपलवाटा (टोरांटो)

कॅनडाचा अनुभव यापेक्षा कडू आहे. बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला लागून, भाषा एक, टीव्हीचे सिग्नल कायमचेच इकडे पोहोचलेले. १९७१ मध्ये रेडिओवर ३० टक्के कॅनेडियन गाण्यांची सक्ती आली, आता ती ३५ टक्के आहे. त्यातून इथलं संगीत नक्कीच उभं राहिलं. पण नियमाच्या आंधळेपणाने माणसं भडकलीही. १९९१ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्स या कॅनेडियन गायकाची गाणी 'कॅनेडियन' धरली गेली नाहीत, कारण ती कॅनडाबाहेरच्या सहलेखकाबरोबर लिहिलेली होती आणि ध्वनिमुद्रणही बाहेर झालं होतं. एवढा गदारोळ झाला की नियम दुरुस्त करावा लागला.

सिनेमात मात्र असा कोटा कधी आला नाही. फळ समोर आहे: हॉलिवूडवाले आपल्या 'देशांतर्गत' कमाईत कॅनडाची कमाई मिळवूनच आकडा जाहीर करतात. आम्ही त्यांच्या लेखी परदेश नाहीच. फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेकचं तेवढं वेगळं, तिथे स्वतःचे नट आणि स्वतःचा प्रेक्षक टिकून आहे. इंग्रजी कॅनडात शेजाऱ्याला विचारा, या वर्षी एक तरी कॅनेडियन सिनेमा पाहिलास का. मी विचारून बघितलंय. लोक ओशाळतात.

संगीतवेडा (पुणे)

तुम्ही सगळे 'अमेरिकन' म्हणजे हॉलिवूडचे स्टुडिओ असंच धरून चाललाय. मला ते खटकतं. काळी अमेरिकन नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर १९२५ मध्ये पॅरिसला आली ती मायदेशी काळ्या कलावंतांना जी वागणूक मिळे ती मागे टाकून. फ्रान्सने तिला डोक्यावर घेतलं, २०२१ मध्ये पँथिऑन या थोरांच्या स्मारकात मानाचं स्थान दिलं. काळा अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये पॅरिसला गेला. म्हणजे ज्या वर्षी पॅरिसमध्ये अमेरिकन सिनेमाविरुद्ध मोर्चा निघाला, त्याच वर्षी अमेरिकेतला एक मोठा लेखक तिथे आसऱ्याला आला.

जमैकाचं घ्या. पन्नाशीच्या दशकात तिथे मायामी, न्यू ऑर्लिन्सची रेडिओ स्टेशनं लागायची. क्लेमंट डॉड हा तिथला संगीतवाला अमेरिकेत जाऊन रिदम अँड ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीताच्या तबकड्या आणायचा आणि राजधानी किंग्स्टनच्या गल्ल्यांत भल्यामोठ्या स्पीकरांवर वाजवायचा. तशा तबकड्या पुरेनाशा झाल्या तेव्हा तिथल्या वादकांनी स्वतःच वाजवायला घेतलं आणि स्का ही नवी संगीतशैली जन्मली, पुढे रेगे. किंग्स्टनमध्येच जन्मलेल्या कूल हर्क या डीजेने ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी केली, आणि हिपहॉपचे लोक आपला वाढदिवस तोच मानतात. आज धारावीतली पोरं मराठी-हिंदीत रॅप करतात. यात कोणी कोणावर आक्रमण केलं?

मावळतीकरांना एक मुद्दा मात्र देतो. फ्रान्समध्ये १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के फ्रेंच भाषेतली गाणी सक्तीची झाली आणि त्याचा मोठा फायदा झाला तो मार्सेय आणि पॅरिसच्या उपनगरांतल्या, स्थलांतरितांच्या घरातल्या रॅपर पोरांना. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा ही पोरं नसावीत.

हडसनकाठ

नेमकं हेच! त्या पोरांनी आधी न्यूयॉर्कचं रॅप ऐकलं होतं म्हणून ती गाऊ लागली.

आणि 'आवर' घालण्याचं हत्यार सरकारच्या हाती दिलं की ते फ्रेंच सरकारच्याच हाती राहील असं नाही. चीनने २०१२ पासून कमाईत वाटा देऊन आणायच्या परदेशी सिनेमांची मर्यादा वर्षाला ३४ ठेवली. त्यातला कुठला येणार आणि कापून येणार का, हे सेन्सॉर ठरवतो. सौदी अरेबियात तर २०१८ पर्यंत चित्रपटगृहंच नव्हती. संस्कृतीरक्षण हा शब्द तिथेही वापरला जातो. तेव्हा मला दिवसांचा कोटा आणि संख्येचं बंधन कुठेही, कधीही मान्य होणार नाही.

तिकीटखिडकी (मुंबई)

आयुष्य थिएटरच्या धंद्यात गेलंय, म्हणून लिहितो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी सिनेमा लावायला सांगितलं. आरडाओरडा झाला आणि वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. मग दुपारी सव्वाबाराला मराठी सिनेमा. नोकरदार माणूस तेव्हा कुठून येणार? दुसऱ्या आठवड्यात 'प्रेक्षकच नाही' म्हणून उतरवायला मोकळे. सेऊलमध्ये दारात उभं राहून खेळ मोजणारी माणसं होती, ते वाचून खरंच हेवा वाटला.

आणि एक स्पष्ट बोलतो. मराठी सिनेमाचा पडदा हॉलिवूडपेक्षा जास्त हिंदीने अडवलेला असतो. शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की वितरकाचा फोन येतो, सगळे खेळ द्या, नाहीतर पुढचा सिनेमा विसरा. अमेरिकेला शिव्या घालून यातलं काही सुटत नाही.

मावळतीकर

हडसनकाठ, दिवसांच्या कोट्याबद्दल तुमची भीती मला समजते, म्हणूनच मी पहिल्यापासून कराबद्दल बोलतोय. कर कुठलाही सिनेमा कापत नाही. ओटीटीलाही फ्रान्सने हेच लावलं: २०२१ पासून नेटफ्लिक्ससारख्यांना फ्रान्समधल्या उलाढालीचा निदान पाचवा हिस्सा फ्रेंच आणि युरोपीय निर्मितीत घालावा लागतो. ते घालतात, आणि देश सोडूनही गेले नाहीत. २००५ मध्ये युनेस्कोत सांस्कृतिक विविधतेचा करार मतदानाला आला तेव्हा १४८ देश बाजूने होते, विरोधात फक्त अमेरिका आणि इस्रायल. त्या १४८ देशांतले लोक हॉलिवूड बघत नाहीत असं थोडंच आहे?

तिकीटखिडकी, तुमच्याकडे असा कर चालेल का?

तिकीटखिडकी

जीएसटी येण्याआधी राज्याचा करमणूक कर होता आणि मराठी सिनेमाला त्यातून माफी होती. २०१७ मध्ये ती सोय गेली. आता शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावर आणखी कर लावा म्हटलं तर प्रेक्षकच बोंब मारेल. तेव्हा त्याच १८ टक्क्यांतला राज्याचा वाटा बाजूला काढून हिंदी, इंग्रजी, तेलुगू सगळ्यांच्या तिकिटांतून एक निधी करावा, हे मला पटतं.

पण तो सगळा निर्मात्यांना देऊ नका. फ्रान्समध्ये त्या पैशातून छोट्या गावांतल्या थिएटरांनाही मदत मिळते असं मी वाचलंय. आमच्याकडे तालुक्याच्या गावांतली एकपडदा थिएटरं बंद पडली, काहींची गोदामं झाली, काहींची मंगल कार्यालयं. तिथल्या माणसाने मराठी सिनेमा बघायचा कुठे? पहिल्या तीन वर्षांचा सगळा पैसा त्या पडद्यांवर, प्रोजेक्टरवर आणि खुर्च्यांवर घाला. अनुदानाच्या समित्या नंतर नेमा.