शुक्राणू परके असूनही वाचतात कसे?

जिज्ञासू: दुसऱ्याची किडनी बसवली तर जन्मभर गोळ्या खाव्या लागतात, नाहीतर शरीर ती नाकारतं. मग शुक्राणू पण दुसऱ्याच माणसाच्या पेशी ना, त्यांना बाईची इम्युनिटी सोडते कशी? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

लॅबवाली: सोडत नाही हो, बहुतेक मरतातच. निघतात कोट्यवधी आणि बीजनलिकेत बीजाजवळ पोचतात जेमतेम काही शे. योनीत पीएच ४ च्या आसपास, त्या ॲसिडमध्ये ते लगेच लुळे पडतात, पण वीर्य अल्कलाइन असल्यामुळे ॲसिडचा जोर थोडा वेळ कमी होतो आणि तेवढ्यात जे गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात शिरतात तेच पुढे जातात, आणि तो स्राव पण बीज सुटायच्या दिवसांतच पातळ असतो. मग काही तासांत पांढऱ्या पेशी गोळा होऊन शुक्राणू चक्क गिळायला लागतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांच्या अंगावरचं आवरण. वृषणाला लागून जी गुंडाळलेली नळी असते तिथे पिकताना त्यांच्यावर डीईएफबी१२६ नावाचं प्रोटीन चढतं, त्याला साखरेच्या साखळ्या आणि साखळीच्या टोकाला सियालिक ॲसिड नावाची एक साखर. आपल्या स्वतःच्या पेशींवर पण हीच साखर असते, म्हणून ओळख पटायला अवघड जातं. माकडांच्या शुक्राणूंवरून हे आवरण काढलं तर ॲन्टिबॉडी त्यांना चिकटायला लागल्या.

रात्रपाळी: वीर्यातल्या पाण्याचं पण सांगा ना. त्यात प्रोस्टाग्लँडिन आणि टीजीएफ-बीटा असे पेशींना संदेश देणारे पदार्थ असतात, त्याने इम्युनिटी थोडी नरमते. पण पांढऱ्या पेशी पण वीर्यामुळेच येतात, मेलेले शुक्राणू आणि जंतू साफ करायला, त्यामुळे मला तरी ही नुसती लढाई वाटत नाही.

साधना: आमच्याकडे तर नवऱ्याच्याच शरीरात त्याच्या शुक्राणूंविरुद्ध ॲन्टिबॉडी निघाल्या. दोन वर्षं सगळ्या टेस्ट माझ्याच केल्या, त्याची एकदाही नाही, याचा अजून राग येतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं, शुक्राणू एकमेकांना चिकटून झुपके झालेले, शेपट्या हलतायत पण पुढे सरकत नाहीत.

जिज्ञासू: स्वतःच्याच शरीराला परके??

लॅबवाली: हो, कारण शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर आणि आपलं-परकं ओळखायला इम्युनिटी शिकते त्याच्या कितीतरी आधी. म्हणून वृषणात पेशींची घट्ट भिंत असते, रक्तापासून त्यांना वेगळं ठेवणारी. मार लागला किंवा नसबंदी झाली की शुक्राणू रक्ताच्या संपर्कात येऊ शकतात आणि मग ॲन्टिबॉडी बनतात. साधनाताई, ॲन्टिबॉडी जास्त असतील तर इक्सीचा पर्याय असतो, त्यात एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, त्याला पोहावंच लागत नाही.