मदत हवी आहे: स्टेटसबारमधल्या कायमच्या लेबलमुळे विंडो लहान होत नाही (क्यूटी ६ ही विंडो बनवायची लायब्ररी, पायथन)

मेन विंडोच्या स्टेटसबारमध्ये (तळाच्या पट्टीत) उघडलेल्या फाइलचा पूर्ण पाथ (फोल्डरांसह पत्ता), कर्सरची ओळ आणि सर्व्हरची जोडणी सतत दिसायला हवी. ॲडविजेटने टाकलेलं लेबल शोमेसेजचा तात्पुरता संदेश आला की झाकलं जातं, मेन्यूवरून माउस फिरल्यावर येणाऱ्या सूचनेनेही. म्हणून तिन्ही लेबलं ॲडपर्मनंटविजेटने उजवीकडे टाकली आहेत.

ओळ आणि जोडणी यांची अडचण नाही. आकडे बदलताना लेबलं हलू नयेत म्हणून सगळ्यात लांब मजकुराची रुंदी फॉन्टमेट्रिक्सने (अक्षरांची मापं देणाऱ्या क्लासने) मोजून तेवढी किमान रुंदी दिली आहे.

घोळ पाथचा आहे. वर्डरॅप (मजकूर पुढच्या ओळीवर मोडणं) नसलेलं क्यूलेबल, म्हणजे क्यूटीचं लेबल, पूर्ण मजकुराची रुंदी हीच किमान रुंदी धरतं. त्यामुळे खोल फोल्डरमधली फाइल उघडली की अख्खी विंडोच त्यापेक्षा लहान करता येत नाही. आडवी साइझ पॉलिसी इग्नोअर्ड (मजकुराच्या रुंदीकडे दुर्लक्ष) आणि स्ट्रेच (मोकळ्या जागेतला वाटा) १ केला, तर विंडो आक्रसते, पण लेबल सगळी मोकळी जागा खातं आणि 'फाइल जतन झाली' या संदेशाला जागाच उरत नाही. मॅक्सिमम विड्थ ३०० दिली, तर फाइलचं नावच कापलं जातं, आणि नेमकं तेच दिसायला हवं.

क्यूलेबलचा सबक्लास करून मिनिममसाइझहिंट (लेबल सांगतं ती किमान रुंदी) लहान ठेवावा आणि पेंटइव्हेंटमध्ये (लेबल रंगवणाऱ्या फंक्शनमध्ये) इलाइडमिडलने पाथ मधूनच तोडून तिथे '…' दाखवावं, असा विचार आहे. पण मग संदेशासाठी किमान २०० पिक्सेल कसे राखायचे? की पाथ स्टेटसबारमधून काढून खालच्या वेगळ्या टूलबारमध्ये ठेवणंच बरं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.