सेंटओएस ७ वरचा होस्टिंग सर्व्हर: जागेवरच अपग्रेड करू की नवी मशीन घेऊन साइट हलवू?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) चा एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, आहे. त्यावर अकरा वेबसाइट आणि त्यांचे मेल चालतात. कंट्रोल पॅनेल नाही. अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी ५.५ (डेटाबेस), पोस्टफिक्स (मेल) सगळं मी स्वतः बसवलेलं आहे. साइट ज्या भाषेत लिहिल्या आहेत ते पीएचपी बाहेरच्या रेपोतून (पॅकेजच्या भांडारातून) घेतलं आहे, दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचं.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली हे माहीत होतं. साइट चालू होत्या म्हणून काम लांबत गेलं. मागच्या आठवड्यात एक पॅकेज बसवायला गेले तर यमला (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) मिररची, म्हणजे पॅकेज जिथून उतरवायचं त्या सर्व्हरांची, यादीच मिळेना. रेपोच्या फाइलीत व्हॉल्टचा (जुन्या पॅकेजच्या संग्रहाचा) पत्ता घातल्यावर ते बसलं, पण व्हॉल्टमध्ये सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. अकरा जणांनी विश्वासाने साइट ठेवल्या आहेत.

एलिव्हेट हे साधन वापरून जागेवरच अल्मालिनक्स ८ वर (सेंटओएसला पर्याय असलेल्या लिनक्सवर) जाता येतं असं वाचलं. दोन अडचणी आहेत. एक साइट पीएचपी ५.६ वर आहे आणि तिच्या कोडमध्ये सगळीकडे जुनी मायएसक्यूएल फंक्शनं आहेत. दुसरी साइट २००९ पासूनच्या मराठी लेखांची आहे, तिला धक्का लागून चालणार नाही. रात्री चार तास सगळं बंद ठेवता येईल, त्याहून जास्त नाही. काय करावं?

उत्तर १

मी एलिव्हेटने दोन सर्व्हर ७ वरून ८ वर नेले, दोन्ही व्यवस्थित आले. आधी प्रीअपग्रेडचा (अपग्रेडआधीच्या तपासणीचा) अहवाल काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘इनहिबिटर’ म्हणून जे लिहिलेलं असेल ते मिटवल्याशिवाय अपग्रेड पुढे सरकत नाही. एकाहून जास्त नेटवर्क कार्डं ईटीएच०, ईटीएच१ अशा नावांची असतील तर तिथे अडतं. बूट विभाजनात जागा मोकळी ठेवा. आणि व्हीपीएसचा कन्सोल ब्राउझरमधून उघडतो का ते आधीच पाहून घ्या, कारण रीबूटनंतरचं खरं काम चालू असताना एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सोय) नसतं.

माझ्या दोन्ही मशीनवर बाहेरच्या रेपोतलं काहीही नव्हतं, हे मात्र लक्षात घ्या.

उत्तर २

तुमच्या परिस्थितीत जागेवर अपग्रेड करू नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. बाहेरच्या रेपोतलं पीएचपी, हाताने बसवलेलं मेल आणि वर चार तासांची मर्यादा. पहाटे तीनला काही अडलं तर मागे फिरायला वाट हवी, आणि जुनी मशीन तशीच चालू असणं ही सगळ्यात भरवशाची वाट.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी मी जागेवर अपग्रेड केलं आणि मशीन वर आलीच नाही. बॅकअप रोज रात्री होत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. फाइली उघडल्या तर डेटाबेसची प्रत्येक फाइल वीस बाइटची. मधे कधीतरी पासवर्ड बदलला होता, डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) निघतच नव्हता, आणि फाइली आवळणारं जीझिप रिकाम्या मजकुराची वीस बाइटची फाइल इमानाने बनवत होतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचे एरर मीच बंद करून ठेवले होते. एका छोट्या संस्थेच्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्या माणसांना फोन करून ते सांगणं मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा आज पहिलं काम हे करा: तुमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत चढवून साइट उघडून बघा. नुसता आकार पाहून समाधान मानू नका.

नवी मशीन अल्मालिनक्स ९ ची घ्या. ८ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०२९ पर्यंत आहेत, ९ च्या २०३२ पर्यंत. एवढी मेहनत करायचीच आहे तर तीन वर्षं पदरात पाडून घ्या. फाइली आरसिंकने (दोन मशीनमधल्या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने) न्या, आणि दोन्हीकडे युजरची नावं आणि क्रमांक जुळतात याची खात्री करा, नाहीतर मालकी भलत्याच युजरकडे जाते. पोहोचल्यावर एसईलिनक्सची (लिनक्समधल्या जादा सुरक्षा पहाऱ्याची) लेबलं पुन्हा लावून घ्या. परवानग्या बरोबर दिसत असूनही ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) येत असेल तर आधी तिथेच बघायचं. नवं मारियाडीबी स्ट्रिक्ट मोडमध्ये असतं. जुना कोड एखाद्या रकान्याला किंमत देत नसेल तर ५.५ ते गुपचूप भरून घेत असे, आता नोंदच नाकारली जाईल. म्हणून प्रत्येक साइटवर एक फॉर्म भरून पाहा, फक्त मुखपृष्ठ बघू नका. यासाठी डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी नोंद) बदलायची गरज नाही, स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत नवा आयपी लिहिला की पुरे.

आता मराठी लेखांची साइट. माझ्या मते सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. २००९ च्या सुमाराची बरीच टेबलं लॅटिन१ (फक्त युरोपीय अक्षरांची जुनी लिपी-पद्धत) म्हणून बनवलेली असतात, आत मात्र यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या लिहिणारी पद्धत) चे बाइट पडलेले असतात. वाचणारा आणि लिहिणारा दोघेही तेच चुकीचं गृहीत धरतात, त्यामुळे पडद्यावर मराठी नीट दिसतं. साधा डंप काढलात की मायएसक्यूएल त्या बाइटांना लॅटिन अक्षरं समजून पुन्हा यूटीएफ-८ करतं, आणि नव्या मशीनवर चिन्हांचा चिखल दिसतो. तपासायला सोपं आहे. ज्या रकान्यात ‘मराठी’ एवढाच शब्द असेल, एखाद्या विभागाचं नाव वगैरे, त्याची कॅर-लेंग्थ (अक्षरचिन्हांची संख्या) डेटाबेसला विचारा. ५ आली तर डेटा सरळ आहे. १५ आली तर वरचा घोळ आहे, कारण यूनिकोडमध्ये म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आणि प्रत्येकाला तीन बाइट.

प्रश्नकर्ती

१५ आली. हे आधी कळलं नसतं तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. आता पुढे?

उत्तर २

घाबरू नका, बाइट सगळे शाबूत आहेत. डंप काढताना डिफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन१ द्या आणि सेट-नेम्सची (मजकूर कोणत्या पद्धतीत आहे ते सांगणारी) ओळ डंपमध्ये येऊ नये म्हणून स्किप-सेट-कॅरसेट लावा. मग फाइलीत शुद्ध यूटीएफ-८ उतरेल. कोणत्याही एडिटरमध्ये उघडली की मराठी वाचता आलं पाहिजे. वाचता आलं तरच पुढे जा. टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा, पण लेखांच्या मजकुरात तो शब्द बदलला जाऊ देऊ नका. नव्या मशीनवर यूटीएफ८एमबी४ देऊनच आत घ्या, आणि साइटच्या कोडमधलं कनेक्शनही तसंच करा. हे शेवटचं राहिलं तर सगळं बरोबर करूनही पडद्यावर घोळच दिसेल. मग पुन्हा कॅर-लेंग्थ. ५ यायला हवी.

उत्तर ३

५.६ च्या साइटबद्दल. ती जुनी मायएसक्यूएल फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्येच काढून टाकली गेली. तो कोड बदलल्याशिवाय नव्या पीएचपीवर चालणार नाही. तोवर तिला वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून अलग केलेल्या कप्प्यात) ठेवा, बाकी साइटच्या फाइली तिला दिसू देऊ नका, आणि डेटाबेसचा युजर फक्त तिच्याच डेटाबेसपुरता ठेवा. मालकाला कोड बदलण्याची तारीख ठरवायला लावा. तारीख नसेल तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मेलसाठी नव्या आयपीचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आधी मागून घ्या, एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्या नोंदीत) जुना आणि नवा दोन्ही आयपी काही दिवस राहू द्या. टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. हलवायच्या रात्री जुन्या मशीनवर लिहिणं बंद, शेवटचा आरसिंक, शेवटचा डंप, मग डीएनएस.

प्रश्नकर्ती

नव्या मशीनवर लेखांची साइट चढवली, होस्ट्स फाइलीतून पाहते आहे. कॅर-लेंग्थ ५ आली. २००९ चा पहिला लेख पूर्ण वाचला, एकही अक्षर हललेलं नाही. बॅकअपही परत चढवून पाहिला. दहा साइट उघडल्या, अकरावीच्या अपलोड केलेल्या फाइलींचा फोल्डर बॅकअपच्या यादीत कधी नव्हताच, तो आत्ताच घातला. पीटीआरची विनंती टाकली आहे. ती पूर्ण झाली की टीटीएल कमी करते आणि तिसऱ्या रात्री हलवते.